आम्लपित्ताच्या रोग्यानें पडशावर काय घ्यावें?

थंडीच्या दिवसांत पडसें व घसादुखी घरांतील एकास झाली कीं बहुतेकांस लागते. त्यावर आलें, मिरीं व लवंग यांचा कडक काढा हा आपला नेहमींचा उपाय. परंतु ज्यास आम्लपित्ताचा विकार आहे, त्यास हाच काढा कित्येकदां बाधतो. घसा उतरावा म्हणून घ्यावा, तों छातींत जळजळ उठते. याचें कारण समजून घेतल्यास औषधाची निवड सोपी होते.

अन्ननलिका जठरास जेथें मिळते, तेथें स्नायूंचें एक कडें आहे. अन्न खालीं जाऊं द्यावें व वर येऊं देऊं नये, हें त्याचें काम. तें सैल पडलें म्हणजे जठरांतील आम्ल वर चढतें आणि कधीं कधीं घसाच पोळतें. म्हणून प्रथम दुखणें कोणत्या खात्यावरचें, हें ठरवावें. नाक वाहणें, शिंका, कणकण असून आठ-दहा दिवसांत उतार पडला, तर तें पडसें. परंतु नाक स्वच्छ, ताप नाहीं, आणि रोज सकाळीं घसा खवखवून तोंडास आंबट पाणी येत असेल, तर मूळ बहुधा पोटांत आहे. तेथें घशाच्या गोळ्या चघळून गुण येणार नाहीं.

पडसेंच असल्यास पेलाभर कोमट पाण्यांत अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्या. वाफ घ्यावी. चमचाभर मध चाटावा. मात्र एक वर्षाखालील मुलास मध देऊं नये. पुदिन्याच्या गोळ्यांनीं घशास गारवा वाटतो, पण पुदिना तें कडें सैल करतो. लिंबू, क जीवनसत्त्वाच्या आंबट गोळ्या, कॉफी आणि ब्रँडी हींही वर्ज्य करावीं. हळदीचें दूध साय काढून व निजण्याच्या पुष्कळ आधीं घ्यावें.

ताप व अंगदुखीवर ॲस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास जठराच्या अस्तरास इजा होते. त्यांपेक्षां पॅरासिटामॉल बरें. प्रौढानें तें २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षां अधिक कधींही घेऊं नये. यकृताचा विकार किंवा मद्याची संवय असणारानें डॉक्टरांस विचारूनच घ्यावें. पडशाच्या पुष्कळ मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेंच, म्हणून वेष्टन वाचल्यावांचून दुसरी गोळी जोडूं नये. कांहीं गोळ्यांनीं झोंप येते. त्या घेऊन ट्रॅक्टरवर बसूं नये.

रात्रीं निजण्यापूर्वीं तीन तास जेवण उरकावें. खाटेचे उशाकडील पाय विटा लावून ६ ते ८ इंच उंच करावे व डाव्या कुशीवर निजावें. नुसत्या उशा रचून भागत नाहीं, कारण त्यांनीं मान वांकते व पोटावर दाब पडतो.

घास अडकणें, रक्ताची वांति, डांबरासारखें काळें शौच, कारणावांचून वजन घटणें, किंवा तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांस दाखवावें. आणि श्रम करतांना छाती दाटून घाम सुटला, तर पित्त उठलें असें समजून वाट पाहत बसूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें.