राउटरवर मर्यादा असेल तर नेटचा स्पीड कसा मोजायचा?

परवा भिवंडीत पद्मानगरला एका ओळखीच्यांचा राउटर बघितला. प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण टेस्टमध्ये ६० च्या वर काही जाईना. लाइन चांगली होती. राउटरमध्ये कुणीतरी एसक्यूएम (डेटाची रांग सांभाळणारी सेटिंग) चालू करून ६० ची मर्यादा घातली होती. टेस्ट तीच मोजत होती!

म्हणून मोजण्याआधी एसक्यूएम किंवा क्यूओएससारखी सेटिंग बंद करा. लॅपटॉप केबलने जोडा, बाकीचे फोन वायफायवरून काढा. दुपारी मोजा आणि रात्री गर्दीच्या वेळीही मोजा. माझ्या मते रात्रीचाच आकडा धरावा. मग एसक्यूएम पुन्हा चालू करून त्याच्या ८५-९० टक्के मर्यादा घाला, अपलोडलाही वेगळी.

थोडा वेग मुद्दाम का सोडायचा? कारण मग डेटाची रांग ऑपरेटरच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते. तिथे एसक्यूएममधला 'केक' हा रांग लावणारा प्रोग्राम (लिनक्समध्ये २०१८ पासून) प्रत्येकाला वाटा देतो. मोठं डाउनलोड चालू असलं तरी व्हिडिओ कॉल अडकत नाही. खात्री करायची तर डाउनलोड चालू ठेवून पिंग बघा.

हार्डवेअर ऑफलोड (डेटा प्रोसेसरला टाळून थेट चिपमधून पाठवायची सोय) मात्र बंद हवं, नाहीतर बहुतेक राउटरवर मर्यादा लागूच होत नाही. स्वस्त राउटरचा प्रोसेसरही कधी कमी पडतो.

तुमचा राउटर कोणता? मॉडेल लिहा, मिळून सेटिंग बघू.