मलम गुडघ्याला, औषध नदीला

डायक्लोफेनॅक हे नाव आपल्याला दोन ठिकाणी भेटतं: औषधांच्या दुकानात आणि गिधाडांच्या गोष्टीत. गुरांना टोचलेलं हे वेदनाशामक त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि थव्याचे थवे संपले. भारतानं २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. पण माणसांनी घेतलेल्या डायक्लोफेनॅकचं काय? गोळी लघवीवाटे बाहेर पडते, सांध्याला चोळलेलं मलम बरंचसं अंघोळीत वाहून जातं. दोन्हींचा शेवट गटारात.

सांडपाणी केंद्रातले जिवाणू मैला, साबण, उष्टं-खरकटं पचवतात. डायक्लोफेनॅक त्यांना नीट पचत नाही, अपस्माराचं कार्बामॅझेपिन तर जवळजवळ जसंच्या तसं पुढे जातं. प्रमाण लिटरमागे मायक्रोग्रॅमचं, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचं. माशांना मात्र तेवढंही बाधू शकतं.

डायक्लोफेनॅक जन्मलं स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये, सिबा-गायगी कंपनीत. ते पाण्यातून काढण्याचा कायदाही आधी स्वित्झर्लंडनंच केला, हा योगायोग मला आवडतो. झुरिकजवळच्या ड्युबेनडॉर्फमधल्या नॉयगुट केंद्रात २०१४ पासून जिवाणूंच्या टाकीनंतर पाण्यात ओझोन सोडतात. ऑक्सिजनमधून उच्च दाबाची वीज खेळवून तो तिथेच बनवावा लागतो, कारण तो साठवता येत नाही. ओझोन औषधांच्या रेणूंवर तुटून पडतो, पण त्यांची राख करत नाही, तुकडे करतो. काही तुकडे मूळ पदार्थापेक्षा त्रासदायक असू शकतात, शिवाय पाण्यात ब्रोमाइड असेल तर कर्करोगाशी जोडलेलं ब्रोमेट तयार होतं. तुकड्यांसाठी पुढे वाळूचा थर, त्यातले जिवाणू उरलंसुरलं खातात.

दुसरा मार्ग सक्रिय कोळशाचा. त्याच्या चिमूटभर भुकटीतही इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की आतला पृष्ठभाग उलगडला तर क्रिकेटची अख्खी खेळपट्टी सहज झाकली जाईल. औषधं त्याला चिकटतात, तुकडे उरत नाहीत. मात्र भुकटी गाळासोबत जाळावी लागते आणि कोळसा तयार करायलाही भरपूर ऊर्जा लागते. ओझोनचीही आणखी एक मर्यादा आहे: न चिकटणाऱ्या तव्यांच्या लेपाशी जोडलेली फ्लोरिनयुक्त रसायनं त्याला दादच देत नाहीत.

या यंत्रांपेक्षा मला स्विसांचा हिशेब जास्त शहाणपणाचा वाटतो. २०१६ पासून स्वित्झर्लंडनं गटाराला जोडलेल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला ९ फ्रँकपर्यंत कर बसवला आणि त्यातून सुधारणेचा ७५ टक्के खर्च दिला. केंद्रं सरसकट घेतली नाहीत. सुमारे ७०० पैकी शंभरेकच, मोठी, तळ्याकाठची किंवा जिथं नदीत सांडपाण्याचा वाटा जास्त तिथली. हजारो रसायनं मोजत बसण्याऐवजी बाराच पदार्थांच्या यादीवर लक्ष ठेवायचं, त्यांपैकी निवडलेल्यांचं प्रमाण ८० टक्क्यांनी उतरलं पाहिजे.

आपल्याकडे कित्येक शहरांचं पाणी अजून जिवाणूंच्या टाकीपर्यंतही पोचत नाही. अशा वेळी ओझोनची यंत्रं मागणं म्हणजे जोत्याआधी गच्चीचा विचार. पण पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न आपल्यालाही टळणार नाही. युरोपीय महासंघानं २०२४ मध्ये त्याचं उत्तर ठरवलं: औषधांचे अंश काढणाऱ्या या ‘चौथ्या टप्प्या’चा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांनी उचलायचा. औषध कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आहेत.