आपल्या शिवारातला उंट

उंट वाळवंटातल्या माणसाचे ओझे वाहतो, त्याला दूधही देतो. त्याच्या वशिंडात पाणी नसते, चरबी असते. चारा नसेल तेव्हा ती कामी येते. आपल्या केमच्या कोरडवाहू शिवारात त्याची जागा उस्मानाबादी शेळीची. (हे उंटावरून शेळ्या हाकणे नव्हे, घरच्या गोठ्यातले सांगतो.) २०१२-१३ च्या दुष्काळात गुरे छावणीला गेली, शेळी मात्र बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला खाऊन दारातच राहिली, चहापुरते दूध देत. गाभण राहिल्यावर पाच महिन्यांनी ती विते, पुष्कळदा जुळी. पण नड आली की आपण तीच आधी बाजारात नेतो! त्याऐवजी बोकड विकावेत. जुळी देणारी शेळी व तिच्या पाटी राखाव्यात आणि पावसाळ्यापूर्वी त्यांना आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी.