तो जास, ती जास

धुळ्याहून आग्र्याच्या रस्त्याने उत्तरेला निघालं की सोनगीर लागतं. टेकडीवर किल्ला, पायथ्याशी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. इथल्या एखाद्या घरातून 'मी धुयाले जास' असं कानावर आलं, तर धुळ्याला पुरुष निघालाय की बाई, ते क्रियापदावरून कळायचं नाही. प्रमाण मराठीत 'जातो' किंवा 'जाते' म्हणावंच लागतं. इथल्या अहिराणी बोलीत मी जास, तू जास, तो जास, ती जास! अनेकवचनात आम्ही, तुम्ही आणि 'त्या' सगळेच जातस. हे 'त्या' पुरुषांनाही चालतं, पुण्याच्या कानाला कितीही नवल वाटो.

मग अहिराणीला स्त्री-पुरुष भेद ठाऊकच नाही का? चांगला ठाऊक आहे. भूतकाळात तो लगेच हजर होतो : तो उना, ती उनी, तो गया, ती गई. आत्ता चाललेल्या क्रियेतही तो येतो : तो जाई ऱ्हायना, ती जाई ऱ्हायनी.

याची गुरुकिल्ली संस्कृतात सापडते. 'सः गच्छति', 'सा गच्छति' इथे क्रियापद एकच. पण 'गतः' आणि 'गता' वेगळे, कारण ती धातूपासून बनलेली विशेषणं आहेत आणि विशेषण नामाचं लिंग घेतं. मराठीने आपला वर्तमानकाळ 'जात' या विशेषणासारख्या रूपावर उभारला, म्हणून 'जातो-जाते' आलं. अहिराणीच्या 'जास'मध्ये लिंग शिरलं नाही. शेजारच्या गुजरातीतही 'ते जाय छे' हे त्याला आणि तिला सारखंच लागू पडतं. अहिराणीतलं 'आहे' म्हणजे 'शे', आणि ते ऐकताना 'छे' आठवल्याशिवाय राहत नाही.

भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने १९०७ साली भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ली भाषांच्या खंडात जागा दिली. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली गेली, बोलणारे अठरा लाखांहून अधिक. बोली की भाषा हा वाद मला क्रियापदापुढे फिका वाटतो. एवढी स्वतंत्र घडण असलेली रूपं शाळेत 'अशुद्ध' ठरू नयेत, असं मात्र मनापासून वाटतं.

दूर आफ्रिकेत, बुरुंडीच्या किरुंडी भाषेत 'जाणे'चा खेळ उलट्या बाजूने चालतो. बदल शेवटी नाही, सुरुवातीला : मी न्दागेन्दा, तू उरागेन्दा, तो किंवा ती आरागेन्दा, ते बारागेन्दा. गाय चालली तर इरागेन्दा, गायी चालल्या तर झिरागेन्दा. स्त्री-पुरुष हा भेद तिथे नाहीच. पण माणूस की गाय, हे क्रियापद आधीच सांगून टाकतं. अहिराणी वर्तमानकाळात 'मी, तू, तो' हा भेदही सर्वनामावर सोपवते आणि मोकळी होते.

भविष्यकाळात मात्र ती पुन्हा एकेकाला वेगळं ओळखते. मी जासू, तू जाशी, तो जाई. आम्ही जासूत, तुम्ही जाशात, त्या जातीन. यातला 'जासू' जरा हळू उच्चारून पाहा. संस्कृतात 'मी जाईन' म्हणजे 'यास्यामि'. त्यातल्या 'स्य'पासून गुजरातीच्या 'जईश'मधला 'श' आला, आणि सोनगीरच्या 'जासू'तला 'स'ही त्याच घराण्यातला दिसतो.