जिमची मेहनत आणि दारूचा पेला

आपली मुले हौसेने जिमला जातात. तिथे एखादा सोबती म्हणतो, "व्यायामानंतर थोडी घेतली तर काय बिघडते? वर प्रोटीन घे, म्हणजे झाले." दारू हराम आहे, हे मुलाला घरातून ठाऊक असते. पण सोबत्याच्या या प्रश्नाचे उत्तरही त्याच्याजवळ हवे.

स्नायू व्यायाम करताना वाढत नाहीत. ते नंतरच्या विश्रांतीत वाढतात. अन्नातील प्रथिनांपासून शरीर तेव्हा स्नायूंची नवी बांधणी करते. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी व्यायामाची सवय असलेल्या ८ पुरुषांवर हे तपासले. व्यायामानंतर नुसते प्रोटीन घेतल्यावर जेवढी बांधणी झाली, त्यापेक्षा प्रोटीनबरोबर दारू घेतल्यावर ती २४ टक्के कमी झाली. प्रोटीनऐवजी कर्बोदके आणि दारू घेतली, तेव्हा ३७ टक्के कमी. म्हणजे प्रोटीनने नुकसान पुरते भरून निघाले नाही.

त्या प्रयोगात दारूचे प्रमाण मोठे होते, हेही मुलाला सांगावे. खरे ते सांगितले की विश्वास बसतो. मात्र 'थोडी'ची सवय वाढायला वेळ लागत नाही. शिवाय दारूने झोप मोडते, आणि तिच्यातील शुद्ध अल्कोहोलच्या एका ग्रॅममधून ७ कॅलरी मिळतात, पण प्रथिन काहीच मिळत नाही.

घरात अंडी, डाळ, दूध, चणे असतातच. ते वेळेवर द्यावे, मुलाला पुरेसे झोपू द्यावे. आणि जिममध्ये काय चालते, हे त्याला न रागावता विचारत राहावे.