समुद्राला दहा, गवताला चार

मैदान एकच, मतं दोन

समुद्रकाठच्या गोल्फ मैदानाबद्दल तिथे खेळून आलेल्यांना विचारा. ‘व्ह्यू एक नंबर’ इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. मग आवाज खाली येतो. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, चट्टे पडलेत, तिथवर नेणाऱ्या फेअरवेत लव्हाळा माजलाय, वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, वाळूपेक्षा गाळ जास्त, पहिला फटका मारायच्या जागेची, म्हणजे टीची, माती तुडवून दगड झालीय. गुण द्यायला सांगितलं तर समुद्राला दहापैकी दहा आणि गवताला चार.

यात बोलणारा कोण, हेही पाहावं लागतं. पाहुणा म्हणून एकदा आलेला माणूस फोटो काढतो आणि बाकी विसरतो. दर रविवारी खेळणाऱ्या सभासदाला समुद्र आता दिसतच नाही, त्याला दिसतो तो गेल्या आठवड्यापेक्षा मोठा झालेला चट्टा. माझ्या मते सगळ्यांत भरवशाचं मत खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या कॅडीचं. कोणत्या ग्रीनवर पाणी साचतं आणि ते का साचतं, हे त्याला पाठ असतं. पण त्याला कुणी विचारत नाही.

पालघर, केळवे, बोईसर-तारापूरच्या वाचकाला हा खेळ लांबचा वाटेल. मात्र या तक्रारींमागची निम्मी कारणं त्याच्या अंगणातली आहेत: मचूळ विहीर, खारा वारा, चार महिन्यांचा धोधो पाऊस आणि आठ महिन्यांची कोरड. गवत का बिघडतं, त्यात समुद्राचा दोष किती आणि सांभाळणाऱ्यांचा किती, एवढंच इथे पाहायचं आहे.

स्कॉटलंडची वाळू आणि कोकणचा पाऊस

गोल्फ मुळात समुद्रकाठचाच खेळ. स्कॉटलंडात समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा पट्टा असतो. तिथे पीक येत नाही, मेंढ्या चरतात. सेंट अँड्रयूजसारखी जुनी मैदानं अशाच पट्ट्यांवर उभी राहिली. पाणी वाळूतून झिरपून जातं, हवा थंड असते, पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो आणि बारीक पात्याचं गवत फारशी निगा न राखताही टिकतं. या जातीच्या मैदानाला लिंक्स म्हणतात.

इंग्रजांनी खेळ इकडे आणला, हवा आणता आली नाही. कलकत्त्यात १८२९ साली आणि मुंबईत १८४२ साली क्लब निघाले. आजही कुलाब्याच्या नेव्ही नगरात युनायटेड सर्व्हिसेस क्लबचं मैदान अगदी समुद्राला खेटून आहे. गोव्यात मोबोर आणि राजबाग इथल्या हॉटेलांनी किनाऱ्यालगत छोटी मैदानं केली. जागा देखण्या, पण हवामान स्कॉटलंडच्या नेमकं उलटं. आपल्या किनाऱ्यावर वर्षाचा दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळतो आणि मग जवळजवळ थेंब नाही. निचरा असा हवा की जुलैत तळं होणार नाही, आणि ओल अशी धरायला हवी की एप्रिलमध्ये गवत जळणार नाही. एकाच मातीकडून या दोन्ही गोष्टी करून घेणं महाग पडतं.

दूर्वा, लव्हाळा आणि ढग

उष्ण प्रदेशांतल्या गोल्फ मैदानांवर सर्वाधिक दिसणारं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो तीच दूर्वा. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. तिचा आफ्रिकेतल्या एका बारीक जातीशी संकर करून अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ‘टिफवे’, ‘टिफड्वार्फ’ अशी वाणं तयार झाली. ती दाट वाढतात, खाली कापलेली सोसतात आणि तुडवली तरी पुन्हा उभी राहतात.

हरळीला एक गोष्ट मात्र चालत नाही: सावली. तिला दिवसातले सहा-आठ तास ऊन लागतं. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. गवत अशक्त होतं, बुरशी धरते आणि विरळ झालेल्या जागी लव्हाळा घुसतो. तो वरून उपटून जात नाही, कारण जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. ज्याने भातखाचरात किंवा वाडीत लव्हाळ्याशी सामना केला आहे त्याला गोल्फ मैदानाच्या माळ्याचं दुःख वेगळं सांगायला नको. शिवाय ओल्या जमिनीवर कापणी यंत्र नेलं तर चाकांच्या चऱ्या पडतात, न नेलं तर गवत घोट्याएवढं होतं.

म्हणून एखाद्याने मैदान वाईट असल्याचं सांगितलं तर आधी महिना विचारावा. ऑगस्टमधलं मत आणि जानेवारीतलं मत एकाच मैदानाचं असूनही दोन मैदानांचं वाटतं.

मीठ

समुद्राचा खरा घाव हळू बसतो. वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात आणि पात्यांची टोकं करपतात. ते एखाद्या पावसात धुऊन निघतं. विहिरीचं तसं नाही. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर सरकतं, बाजूनेही आत शिरतं आणि विहीर मचूळ होते. केळवे-माहीमच्या पानवेलीच्या वाड्यांना हे नवीन नाही.

असं पाणी रोज फवारलं की पाणी उडून जातं आणि मीठ मातीत राहतं. मिठातला सोडियम चिकणमातीच्या कणांवरचा कॅल्शियम हटवून स्वतः चिकटतो. मातीची रवाळ घडण मोडते, वर पापुद्रा धरतो, पाणी आत शिरत नाही. गवत ओल्या जमिनीत तहानलेलं राहतं. माळी पाणी वाढवतो आणि रोगही वाढवतो. यावरचा उपाय म्हणजे जिप्सम घालून सोडियम सोडवायचा आणि भरपूर गोड्या पाण्याने तो खाली धुऊन काढायचा. गोडं पाणी असतं तर प्रश्नच आला नसता, ही यातली गोम.

दुसरा मार्ग गवत बदलण्याचा. पास्पालम व्हॅजिनाटम नावाचं गवत खाऱ्या दलदलीच्या काठीच वाढतं. त्यातून निवडलेली वाणं जगभरच्या किनारी मैदानांवर लावली जातात, ती बरंच मचूळ पाणी पचवतात आणि हरळीपेक्षा ढगाळ हवा बरी सोसतात. पण त्यांचीही मुळं अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी लागतात, आणि जुनं गवत काढून अख्खं मैदान नव्याने लावायचं म्हणजे कित्येक महिने खेळ बंद. त्या काळात सभासदांची वर्गणी कोण मागणार?

तक्रार ग्रीनवरच का येते

अठरा होलचं मैदान पन्नास-साठ हेक्टरांचं असतं. त्यातली सगळी ग्रीन्स एकत्र केली तरी हेक्टर-सव्वा हेक्टर भरतात. पण ७२ फटक्यांच्या हिशेबात ३६ फटके याच इवल्या जागेवर धरलेले असतात. इथे गवत तीन-चार मिलिमीटरांवर कापतात. इतकं कापलेलं गवत सतत आजारपणाच्या काठावर असतं. चार दिवस दुर्लक्ष झालं की चेंडू उड्या मारायला लागतो आणि १०८ मिलिमीटरच्या भोकाच्या तोंडाशी येऊन बाजूला वळतो. समोर सूर्य मावळत असला तरी त्या क्षणी खेळाडूच्या तोंडून जे निघतं ते छापता येत नाही.

ग्रीन संथ की वेगवान, हे मोजायचं साधन अगदी साधं आहे. १९३५ सालची अमेरिकन ओपन स्पर्धा पाहून एडवर्ड स्टिम्प्सन या हौशी खेळाडूने ते केलं. खाच असलेली एक पट्टी, तीवर चेंडू ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची, चेंडू आपोआप सुटतो आणि किती फूट घरंगळतो ते मोजायचं. उलट दिशेनेही मोजून सरासरी काढायची. आठ फुटांच्या आसपास संथ, दहाच्या पुढे वेगवान. स्टिम्पमीटरचा खरा उपयोग सगळी ग्रीन्स सारखी आहेत का हे पाहण्यासाठी. संथ ग्रीन्सची सवय होते. पाचवं संथ आणि सहावं काचेसारखं, याची होत नाही.

आपल्याकडे या प्रश्नावर एक बिनपाण्याची तोड निघाली होती. छावण्यांच्या आणि लहान गावांच्या मैदानांवर ग्रीनच्या जागी ‘ब्राउन’ असायचं: वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून दाबून सपाट केलेला गोल. चेंडू भोकाकडे ढकलण्याआधी झाडू किंवा लाकडी ओढणीने वाट सारखी करायची. तेल जमिनीत मुरतं, म्हणून आज त्याची शिफारस कुणी करणार नाही. पण चेंडू मात्र सरळ जायचा.

पॅसिफिकाचं उदाहरण

देखणं पण रडतखडत चालणारं किनारी मैदान पाहायचं तर कॅलिफोर्नियातलं शार्प पार्क घ्यावं. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचं हे सार्वजनिक मैदान शेजारच्या पॅसिफिका गावात आहे आणि ते १९३२ साली सुरू झालं. आखणी ॲलिस्टर मॅकेन्झीची. ऑगस्टा नॅशनल आणि सायप्रस पॉइंट ही जगातली अतिश्रीमंत मैदानं आखणारा हाच माणूस. इथे मात्र त्याने सामान्य माणसाला परवडेल असं काम केलं.

समुद्राने लगेच हिशेब मागितला. वादळांनी किनाऱ्याची होल्स उद्ध्वस्त केली, मग १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला मातीचा बांध घातला गेला आणि काही होल्स रस्त्यापलीकडे आत हलवली. बांधामुळे लाटा अडल्या, पण आतलं पाणीही अडलं. मधल्या सखल भागात लागुना सालादा नावाचं तळं आहे. हिवाळ्यात फेअरवे चिखलाचे होतात. पाणी पंपाने उपसावं तर त्या तळ्यात कायद्याने संरक्षित लाल पायांचा बेडूक आणि सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप राहतात. पर्यावरणवादी संस्था आणि गोल्फप्रेमी यांच्यात यावरून कोर्टबाजी झाली.

खेळाडूंची मतं मात्र आपल्या ओळखीचीच: जागा आणि आखणी अप्रतिम, दर परवडणारा, पायाखाली चिखल. इथे निगा कमी पडण्यामागे पालिकेची तिजोरी आहे, तशी समुद्राशी बांधलेली गाठही आहे. नुसता माळ्याला दोष देऊन भागत नाही.

खडबडीत आणि दुर्लक्षित

या दोन्हींत फरक आहे, आणि मत देताना बहुतेक जण तो करत नाहीत. स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ यूस्ट बेटावर अस्कर्निश नावाचं मैदान आहे. १८९१ साली जुन्या टॉम मॉरिसने आखलेलं, पुढे वाळूत हरवलेलं आणि २००८ साली पुन्हा सुरू झालेलं. तिथे हिवाळ्यात जनावरं चरतात. जमीन उंचसखल, गवतात रानफुलं. टीव्हीवरच्या ऑगस्टाशी तुलना केली तर ते गबाळं दिसेल, तरी जगभरचे खेळाडू बोटीने जाऊन तिथे खेळतात. कारण तो खडबडीतपणा ठरवून ठेवलेला आहे आणि चेंडू जिथे घरंगळायला हवा तिथे नीट घरंगळतो.

ऑगस्टाने गोल्फरांचे डोळे बिघडवले आहेत, हे माझं स्पष्ट मत. एप्रिलमधल्या एका आठवड्यासाठी वर्षभर सजवलेलं ते मैदान पाहून आलेला माणूस कोकणातल्या पिवळ्या फेअरवेला नावं ठेवतो. मार्च-एप्रिलमध्ये फेअरवे पिवळा असणं हा दोष नव्हे. ग्रीनवर टक्कल असणं, बंकरमध्ये आठवडाभर पाणी साचून राहणं, तुटलेला पाइप तसाच ठेवणं हे दोष. पहिल्यात हवामान बोलतं, दुसऱ्यात व्यवस्थापन.

पालघरच्या पट्ट्यात हा हिशेब

सातपाटी, शिरगाव, चिंचणी, डहाणू, बोर्डी. हा किनारा पाहून कुणालाही इथे मैदान व्हावं असं वाटेल, आणि कागदावर ते सुंदरही दिसेल. पाण्याचा आकडा मांडू. फक्त वीस हेक्टर गवताला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी दिलं तर ते दहा लाख लिटर होतं. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या मापाने ते अठरा हजार लोकांचं रोजचं पाणी. सूर्या प्रकल्पाचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे नेण्यावरून ज्या जिल्ह्यात आंदोलनं झाली, तिथे हा आकडा कुणी सहज गिळणार नाही. सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं, पण त्यातही क्षार असतात.

कायदाही आड येतो. किनारपट्टी नियमनाच्या १९९१ आणि २०११च्या अधिसूचनांनी सौंदर्यीकरण किंवा करमणुकीसाठी वाळूच्या टेकड्यांत फेरफार करायला मनाई केली. म्हणजे स्कॉटलंडच्या लिंक्सची नक्कल जिथे शोभली असती नेमकी तीच जागा बाद. डहाणू तालुका तर १९९१ सालीच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्गाच्या हद्दीला लागून गोव्यात तेरेखोल गावी गोल्फ रिसॉर्टचा बेत होता. तिथे जमिनीच्या प्रश्नावरून गावकरी उभे राहिले आणि प्रकरण कोर्टात गेलं.

जायचंच असेल तर

ज्यांना किनारी मैदानावर खेळायची हौस आहे त्यांनी दुसऱ्याचं मत ऐकताना महिना, ग्रीन्सवर वाळू शेवटची कधी पसरली आणि पाणी कुठून येतं, एवढं विचारून घ्यावं. वाळू पसरून दोनच दिवस झाले असतील तर ग्रीन्स खरखरीत लागणारच. ती दुरुस्ती आहे, तिला दुर्लक्ष म्हणू नये. पावसाळ्यानंतर क्लबने चेंडू उचलून पुसून ठेवण्याची स्थानिक सवलत लावली आहे का, हेही फलकावर पाहावं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा, आणि सकाळी लवकरची वेळ घ्यावी, कारण दुपारी दर्यावरचा वारा सुटला की चांगल्या ग्रीनवरही हिशेब चुकतो.