हिशेब दुसऱ्याच्या सर्व्हरवर : कॉपीलेफ्ट परवाना किती कामाचा?

दुकानाची वही आता गल्ल्याजवळ राहिलेली नाही. भिवंडीचा यंत्रमागवाला असो की एखादा फर्निचर कारागीर, उधारी, माल, जीएसटीची बिले हे सारे मोबाईलवरून कुठल्या तरी दूरच्या संगणकात जाऊन पडते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या ज्या आयतीत आहे, ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत होय. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, हेही तिथेच सांगितले आहे. आज आपला लिहिणारा म्हणजे सॉफ्टवेअर. ते आत काय करते हे पाहण्याचा हक्क आपल्याला आहे काय?

विक्रेते छातीठोकपणे सांगतात की आमचे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. ऐकून बरे वाटते. पण ते त्यांच्याच सर्व्हरवर चालत असेल तर या शब्दाचा आपल्याला नेमका किती फायदा, हे नीट समजून घेतले पाहिजे.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 साली जीपीएल नावाचा परवाना तयार केला. सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, पाहावे, त्यात फेरफार करावा, विकावेदेखील. अट एकच : ते दुसऱ्याला द्याल तेव्हा सोर्स कोडसुद्धा द्या आणि याच अटींवर द्या. यालाच कॉपीलेफ्ट म्हणतात. आपल्या वाचकांना वक्फची विहीर चटकन आठवेल. पाणी सर्वांना, पण कुणालाही तिच्याभोवती भिंत घालून ती खासगी करता येत नाही. फरक इतकाच की वक्फ करणाऱ्याची मालकी संपते, येथे मात्र सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची मालकी कायम राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता यातील पळवाट पाहा. समजा एका बावर्चीने आपल्या मसाल्याची कृती या अटीवर वाटली की जो कोणी हा मसाला पुढे देईल त्याने कृतीही द्यावी. दुसऱ्याने ती घेतली, त्यात सुधारणा केली आणि खानावळ काढली. तो मसाला कुणालाच देत नाही, फक्त शिजवलेले ताट पुढे ठेवतो. अट मोडली काय? मुळीच नाही. सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरचे हेच झाले. प्रत कंपनीकडेच राहते, आपल्यापर्यंत येतो तो फक्त पडद्यावरचा हिशेब. 2007 च्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत तर स्पष्टच लिहिले आहे की प्रत हाती न देता केवळ नेटवर्कवरून झालेला व्यवहार हे वाटप नव्हे.

ही वाट बुजवण्यासाठी 2002 मध्ये अफेरो नावाच्या कंपनीने वेगळा परवाना काढला आणि नोव्हेंबर 2007 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्याचीच पुढची आवृत्ती, एजीपीएल, प्रसिद्ध केली. तिच्या तेराव्या कलमाचा मथितार्थ असा : तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये फेरफार केला असेल आणि लोक ते नेटवर्कवरून वापरत असतील, तर त्या सर्वांना फेरफारासह सोर्स कोड फुकट मिळण्याची सोय करून द्या. म्हणजे ताट वाढणाऱ्यालाही कृती सांगणे भाग पडले.

कलम चालते का? चालते, याचा दाखला 2021 सालचा आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प (आज ते पुन्हा राष्ट्राध्यक्ष आहेत) यांच्या कंपनीने त्या ऑक्टोबरमध्ये ट्रुथ सोशल हे व्यासपीठ जाहीर केले. चाचणीची साईट लोकांच्या हाती लागली तेव्हा दिसून आले की ती एजीपीएलखालील मॅस्टोडॉन या सॉफ्टवेअरवर उभारलेली आहे, पण सोर्स कोडचा पत्ता नाही. मॅस्टोडॉनकडून रीतसर पत्र गेले. पहिल्यांदा चूक झाली आणि सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत ती सुधारली तर हक्क परत मिळतो, अशी या परवान्यात तरतूद आहे. नोव्हेंबरमध्ये कंपनीने कोड साईटवर ठेवला. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. मात्र हा चोर उघड्यावर सापडला होता. सगळ्या जगाचे डोळे त्या साईटवर होते. आपल्या शहरातला एखादा विक्रेता तेच सॉफ्टवेअर नाव बदलून चालवत असेल तर सर्व्हरच्या आत डोकावणार कोण?

खरी कसोटी मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत लागली. मोंगोडीबी हे माहिती साठवण्याचे सॉफ्टवेअर एजीपीएलखाली होते. त्याच्या मालकांची तक्रार अशी की क्लाऊडवाले ते जसेच्या तसे भाड्याने चालवतात. फेरफार नाही म्हणून तेरावे कलम लागूच होत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांनी एसएसपीएल हा नवा परवाना आणला. त्याची अट अशी की ही सेवा विकाल तर ती चालवण्यासाठी लागणाऱ्या सर्व सॉफ्टवेअरचा, अगदी बॅकअप आणि देखरेखीच्या साधनांचाही, कोड खुला करा. म्हणजे मसाल्याबरोबर खानावळीच्या भांड्यांचीही कृती द्या. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने 2021 मध्ये सांगून टाकले की हा परवाना ओपन सोर्स नव्हेच. आणि ॲमेझॉनने? जानेवारी 2019 मध्ये मोंगोडीबीसारखी चालणारी स्वतःची सेवा बाजारात आणली. परवाना लिखाणाला लागतो, चवीला लागत नाही.

मालकी कायम राहते असे वर म्हटले ते यासाठीच. परवाना लिहिणारा मालक स्वतः त्याला बांधलेला नसतो, नव्या आवृत्तीला तो हवा तो परवाना लावू शकतो. इलास्टिकसर्च आणि रेडिस यांनीही अनुक्रमे 2021 आणि 2024 मध्ये परवाने आवळले. नंतर 2024 आणि 2025 मध्ये दोघांनीही एजीपीएलचा पर्याय खुला केला. दरम्यान जुन्या खुल्या आवृत्तीवरून इतरांनी आपापली शाखा काढली होती. एकदा खुली दिलेली आवृत्ती परत हिरावून घेता येत नाही, हा कॉपीलेफ्टपेक्षाही जुना फायदा आपल्याला मोठा वाटतो. दुसरीकडे गूगलने आपल्या कामात एजीपीएलचा कोड वापरण्यास सरसकट मनाई करून ठेवली आहे. तेव्हा हा परवाना पुष्कळदा कृती मिळवून देण्यापेक्षा बुजगावण्याचेच काम अधिक करतो.

आता आपल्या गल्ल्याकडे वळू. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि मालसाठ्याचे सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे. म्हणजे एखाद्या तिसऱ्याच विक्रेत्याने त्यात बदल करून स्वतःच्या सर्व्हरवरून तुम्हाला भाड्याने दिले, तर बदलांचा कोड मागण्याचा हक्क तुम्हाला नाही. तेच सॉफ्टवेअर त्याने तुमच्या नावे घेतलेल्या सर्व्हरवर बसवून दिले, की प्रत तुमच्या हाती आली आणि हक्कही आला. शब्द तोच, ओपन सोर्स, पण सर्व्हर कुणाच्या नावावर यावर सारे अवलंबून. याच कंपनीचे ग्राहक सांभाळण्याचे सीआरएम मात्र एजीपीएलखाली आहे.

आपल्यातील जे तरुण सॉफ्टवेअरचा धंदा करतात त्यांना एक सांगणे आहे. एजीपीएलचे सॉफ्टवेअर बदलून ग्राहकांना चालवायला देत असाल तर कोडचा दुवा पडद्यावर ठळक द्या. कोणी तपासत नाही हे खरे, पण करार पूर्ण करण्याचा हुकूम तपासनिसाच्या भरवशावर दिलेला नाही. पैसे घ्यायला परवान्याची हरकत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट कोणत्याच कॉपीलेफ्टमध्ये नाही. एजीपीएल तुम्हाला सॉफ्टवेअरची कृती देईल, तुमची उधारीची यादी देणार नाही. विक्रेत्याने उद्या दुकान बंद केले किंवा भाडे तिप्पट केले, तर संपूर्ण सोर्स कोड हाती असूनही कुणाकडे किती येणे आहे हे सांगता येणार नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी कागदावर लिहून घ्या : माझा सगळा हिशेब, मला वाटेल त्या दिवशी, एक्सेलमध्ये उघडेल अशा फाईलमध्ये मिळेल काय, आणि सेवा सोडल्यावर किती दिवस तो तुमच्याकडे राहील? पहिल्याच महिन्यात ती फाईल उतरवून घ्या, दुकानातल्या संगणकावर उघडा आणि चार मोठ्या गिऱ्हाइकांची बाकी तोंडी हिशेबाशी ताडून पाहा.